विषय : पाय घसरल्याबाबत खुलासा

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. पाय आत घ्या. आजची गोष्ट पायाचीच आहे.

एका जंगलात एक घोरपड राहत होती आणि तिच्याकडे मोटारसायकल होती. जंगलात मोटारसायकल कुठून आली, असं विचारू नका. ज्या जंगलात समित्या असतात तिथे मोटारसायकलही असू शकते.

या घोरपडीचं नाव वामनराव. घोरपड स्त्रीलिंगी आणि वामनराव पुल्लिंगी, ही व्याकरणाची अडचण वामनरावांनी जन्मभर सोसली. चौतीस वर्षं ते जंगल कचेरीत आवक-जावक विभागात होते. त्यांच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'श्रीमती घोरपड' असं असे. वामनराव न रागावता ते खोडत, वर 'श्री.' लिहीत आणि दुरुस्तीपुढे सही करत.

घोरपडीचं कुळ पकडीसाठी प्रसिद्ध. कड्याला एकदा नखं रोवली की ओढणारा दमतो, घोरपड दमत नाही. वामनरावांनी कड्याला कधी नख लावलं नव्हतं, पण खुर्चीला चौतीस वर्षं लावलं होतं. त्या काळात त्यांच्या हातून एकही कागद निसटला नाही. वेळेवर सुटलाही नाही, पण ते सोडा.

तर असे वामनराव निवृत्त झाले आणि पाणवठा समितीच्या अध्यक्षपदाला उभे राहिले.

पाणवठ्याची रीत जुनी होती. आधी गवे पाण्यात उतरत. ते पिऊन, डुंबून, उरलेलं काम तिथेच उरकून वर आले की हरणं जात. मग रानडुकरं. शेवटी ससे आणि उंदीर. त्यांच्या वाट्याला जे येई त्याला पाणी म्हणण्याची पद्धत होती.

वामनरावांनी तीन महिने खपून एक वेळापत्रक आखलं होतं. लहान तोंडांनी आधी प्यायचं, मोठ्यांनी नंतर. उंदीर प्याला म्हणून पाणी गढूळ होत नाही. एवढी साधी गोष्ट, पण जंगलात ती आजवर कोणाला सुचली नव्हती, कारण सुचायचं काम गव्यांकडे होतं.

ससे ते वेळापत्रक वाचून गहिवरले. गवेसुद्धा 'विचार करू' म्हणाले. वामनराव निवडून येणार यात शंका नव्हती. त्यांच्याविरुद्ध बोलायला कोणाकडे काही नव्हतं.

समोर उभे होते उदाजीराव उदमांजर. अंगाला कायम अत्तराचा वास, मिशा कातरलेल्या, बोलणं मधाळ. उदाजीरावांचा पाय कुठे कुठे घसरला होता याची यादी जंगलाला पाठ होती. लोक ती यादी एकमेकांना कौतुकाने सांगत आणि एखादं नाव राहिलं तर आठवण करून देत.

आता मोटारसायकलीकडे येऊ.

वामनरावांची गाडी अकरा वर्षांची होती. ते तिला पुसत, झाकत, तिच्याशी बोलतही असत. पण फूटरेस्टची रबरं, म्हणजे बसल्यावर आपण ज्यांवर पाय ठेवतो ती, त्यांनी कधी पाहिली नव्हती. पायाखालच्या गोष्टी पाहण्याची सवय कचेरीत लागत नाही. उजवं रबर तर इतकं झिजलं होतं की त्यावरच्या खाचा जाऊन ते जुन्या सहाणेसारखं गुळगुळीत झालं होतं.

त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई दर शनिवारी म्हणत, "अहो, ते रबर बदला."

वामनराव म्हणत, "बघू."

'बघू' हा कचेरीतला शब्द आहे, मुलांनो. त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो, पण ऐकणाऱ्याला पोच मिळाल्यासारखं वाटतं.

सोमवारी दुपारी वामनराव चाकात हवा भरायला अस्वलाच्या गॅरेजकडे निघाले. वाटेत वळणावर लांडोरबाईंचं घर लागतं. लांडोरबाई एकट्या राहत आणि गाण्याची शिकवणी घेत. त्यांचा आवाज ऐकलेल्यांना हे खरं वाटत नसे, पण खरं होतं.

लांडोरबाईंनी नुकताच दारात सडा घातला होता. वळणावर वामनराव ब्रेक दाबायला गेले आणि उजवा पाय रबरावरून सुटला. गाडी एकीकडे कलली, वामनराव दुसरीकडे. ते सड्यात बसले.

लांडोरबाई बाहेर आल्या. त्यांनी हात देऊन उठवलं, ओसरीवर बसवलं आणि कोकम सरबत दिलं. वामनराव ते प्यायले आणि आभार मानून हवा न भरताच परत फिरले.

समोरच्या दगडावर टिटवी बसली होती.

आता टिटवीवर कोणी आळ घेऊ नका. तिने एक शब्दही खोटा सांगितला नाही. ती फक्त नदीकाठाने उडत एवढंच ओरडत गेली, "वामनरावांचा पाय घसरला. लांडोरबाईंच्या दारात. भर दुपारी."

संध्याकाळपर्यंत जंगलात दुसरा विषय नव्हता.

"चौतीस वर्षं कचेरीत काढली, तेव्हा नाही घसरला," एक रानडुक्कर म्हणालं.

"तेव्हा वेळ कुठे होता?" दुसरं म्हणालं.

"आणि सरबतही झालं म्हणे."

"सरबत म्हणजे बरंच पुढे गेलंय."

घरी कुमुदिनीबाई अंगणात वाळवण उलथत होत्या. वामनराव आले, गाडी लावली आणि खाकरले.

"तुझ्या कानावर काही आलं असेल."

"आलं."

"मग?"

"मग काय? तुमचा पाय घसरायचा तर आधी तो उचलायला हवा. तुम्ही साधा तांब्या उचलून ठेवत नाही."

वामनरावांना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. नक्की कशाचं, ते त्यांना सांगता आलं नाही.

"रबर झिजलं होतं गं," ते म्हणाले.

"हो का?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं."

मंगळवारी वामनरावांनी जन्मभर केलं तेच केलं. त्यांनी एक कागद लिहिला. सागाचं मोठं पान घेतलं, डावीकडे समास सोडला आणि वळणदार अक्षरात लिहिलं :

'विषय : माझा पाय घसरल्याबाबत खुलासा.'

खाली सतरा ओळी होत्या. वळणाचा कोन होता, सड्याचं ओलेपण होतं, रबराची अवस्था होती. सरबताचा उल्लेख 'अल्पोपाहार' असा केला होता. हे पान त्यांनी चौकातल्या वडाला लावलं.

पण जंगलात कोणी विषयाच्या खाली वाचत नाही, हे चौतीस वर्षं विषय लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. दुपारपर्यंत सगळीकडे झालं, "त्यांनी लेखी कबूल केलंय."

शेजारचं साळिंदर धावत आलं. साळिंदर हा वामनरावांचा एकुलता एक मित्र. इतर कोणी त्याच्या फार जवळ जात नसे, याची कारणं त्याच्या पाठीवर होती.

"वामनराव, ते पान काढा."

"खरं आहे ते."

"म्हणूनच काढा."

"त्यापेक्षा मी रबरच बदलतो," वामनराव म्हणाले. "जुनं रबर शनिवारी मतदानाच्या सभेत सगळ्यांच्या हातात देतो. हात फिरवून बघा म्हणतो. पुरावा दिसल्यावर कोण काय बोलणार?"

"मग चला अस्वलाकडे. पाच मिनिटांचं काम."

वामनरावांनी वळणाच्या दिशेने पाहिलं. साळिंदराच्याही लक्षात आलं. अस्वलाचं गॅरेज लांडोरबाईंच्या घरापुढे दोन झाडांवर होतं. त्या वळणावरून पुन्हा जाणं म्हणजे टिटवीला आयतं गाणं देणं.

"घरीच बदलू," वामनराव म्हणाले. "रबर तेवढं तू आण."

साळिंदराने नवी रबरं आणली. पुढची दोन, मागची दोन, असा सगळा जोड.

"अस्वलाने विचारलं, डावं हवं की उजवं," साळिंदर म्हणालं. "मी म्हटलं, ज्याच्यावरून घसरला ते. तर म्हणे, मग लांडोरबाईंचं दारच आणायला हवं."

वामनराव हसले नाहीत.

बुधवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. साळिंदर म्हणालं, "जुनं रबर ब्लेडने उभं चिरायचं आणि सोलून टाकायचं. सगळे तसंच करतात."

"चिरायचं नाही. पुरावा अखंड हवा."

मग साळिंदराने पाठीवरचा एक काटा उपसून दिला. वामनरावांनी तो रबर आणि लोखंडाच्या मध्ये घालून सगळीकडून फिरवला. अकरा वर्षांची माती बाहेर पडली. मग त्यांनी दोन्ही हातांनी रबर धरलं आणि ओढायला लागले.

इथे कुळाची पकड कामाला आली. वामनराव सोडेनात आणि रबर सुटेना. साळिंदराने मध्ये चहा घेतला. कुमुदिनीबाईंचं वाळवण आत गेलं. शेवटी 'फट्' असा आवाज झाला आणि वामनराव रबरासकट तुळशीवृंदावनापर्यंत मागे गेले.

"मिळालं," ते पडल्या पडल्या म्हणाले.

नवं रबर घट्ट होतं. लोखंडावर ते चढेचना. अर्ध्यावर येई आणि परत मागे सरके. वामनराव घरात गेले, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि रबराच्या आत, बाहेर, सगळीकडे चोपडलं. रबर एका दमात चढलं.

"याला म्हणतात डोकं," वामनराव म्हणाले. डाव्या बाजूलाही त्यांनी तसंच केलं. ऐटीत गाडीवर बसले आणि साळिंदराला दाखवायला उजव्या पायावर भार दिला.

रबर लोखंडाभोवती गरकन फिरलं. पाय सुटला. गाडी एकीकडे कलली, वामनराव दुसरीकडे.

कुंपणावर टिटवी बसली होती.

"पुन्हा घसरला," ती ओरडत गेली. "आणि आता घरात, बायकोसमोर."

वामनराव तसेच मातीत बसून राहिले. बाजूला ते वेळापत्रक पडलं होतं. ते खिशातून बाहेर आलं होतं. पहिल्या रकान्यात उंदरांची वेळ होती, पहाटेची. रकान्यावर तेलाचा डाग पडला होता.

"माझं सोड," ते साळिंदराला म्हणाले. "पण शनिवारी हे पडलं, तर त्या सशांना पुन्हा चिखलच प्यावा लागेल रे."

कुमुदिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि बाहेर आल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "काढा ते तेलकट. फडक्याने कोरडं पुसा. आणि चुलीवरचं गरम पाणी आणा."

"तुला काय कळतं यातलं?"

"लग्नाला चाळीस वर्षं झाली. हातात बांगड्या कोण भरतं माझ्या?"

"कासारीण."

"ती तेल लावते का साबण?"

वामनरावांनी आठवून पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी तेही पाहिलं नव्हतं.

"साबण," कुमुदिनीबाईंनीच सांगितलं. "तेलाने बांगडी चढते तशी उतरतेही. साबण चढेपर्यंत निसरडा, नंतर वाळतो आणि बांगडी राहते जागच्या जागी. आणि ओढायचं नसतं. दाबत, फिरवत न्यायचं. घट्ट वस्तूशी भांडून चालत नाही."

त्यांनी रबर गरम पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवलं. आत साबणाचं बोट फिरवलं. मग लोखंडाच्या टोकाला लावून, दाबत, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळवत, बांगडी भरावी तसं ते आत नेलं. बाहेरच्या टोकाचा उंचवटा वर आला आहे ना, ते पाहिलं. दुसरंही केलं. सगळं मिळून वाळवण उलथायला लागतो तेवढा वेळ लागला.

"आता उद्यापर्यंत हात लावू नका," त्या म्हणाल्या. "आणि पायही."

गुरुवारी वामनरावांनी रबरावर उभं राहून पाहिलं. ते हललं नाही. साळिंदराने उभं राहून पाहिलं. नाही हललं. वामनरावांनी जुनं रबर धुतलं, कागदात गुंडाळलं आणि त्यावर लिहिलं, 'पुरावा क्र. १'. दुसरा पुरावा नव्हता, पण क्रमांकाशिवाय पुराव्याला वजन येत नाही.

मागची दोन रबरं कोनाड्यात राहिली.

शनिवारी सकाळी वडाखाली सभा भरली. अध्यक्षस्थानी म्हातारा गवा होता. जंगलात अशी गर्दी यापूर्वी फक्त वणव्याच्या वेळी झाली होती. तेव्हा मात्र लोक उलट्या दिशेने पळत होते. लांडोरबाईंना पाहायला म्हणून काही जण दुसऱ्या डोंगरावरून आले होते. त्यांच्या शिकवणीलाही त्या आठवड्यात नऊ नवे विद्यार्थी आले होते.

वामनराव उभे राहिले. त्यांनी भाषण केलं नाही. कागद उलगडला आणि जुनं रबर गव्याच्या समोर ठेवलं. मग ते सभेत फिरलं. हरणांनी हुंगलं. रानडुकरांनी चावून पाहिलं. सशांनी पंजा फिरवला आणि पंजा खरोखरच घसरला.

मग वामनराव गाडीवर बसले, नव्या रबरावर उभे राहिले आणि तिथल्या तिथे दोनदा उडी मारली. पाय जागचा हलला नाही.

हरणांनी पुढे होऊन पाहिलं.

"म्हणजे," म्हातारा गवा म्हणाला, "लांडोरबाईंचं काहीच नाही?"

"काही नाही."

"सरबत?"

"एक पेला."

"नंतर पुन्हा गेला नाहीत?"

"हवा भरायलासुद्धा नाही. चाकं अजून बसलेलीच आहेत, बघा."

सगळ्यांनी चाकांकडे पाहिलं. चाकं बसलेली होती. टिटवीनेही मान डोलावली. शंका घ्यायला जागाच उरली नाही. सत्याचा असा पूर्ण विजय जंगलाने कधी पाहिला नव्हता, आणि पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. दुसऱ्या डोंगरावरून आलेले उठून निघाले. नऊ विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शिकवणी सोडली.

मग एक म्हातारा ससा उठला. हाच ससा वेळापत्रक वाचून सगळ्यात जास्त गहिवरला होता.

"वामनराव, हे रबर किती वर्षं झिजत होतं?"

वामनरावांनी खोटं बोलायला हवं होतं. पण सवय नव्हती.

"अकरा."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं. घरातून. दर शनिवारी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघू, म्हणालो."

सभेत पहिल्यांदा खरी खळबळ उडाली. पाय घसरला होता तेव्हा कोणी रागावलं नव्हतं, मजा वाटली होती. आता लोक रागावले.

"ज्याला स्वतःच्या पायाखालचं अकरा वर्षं दिसत नाही, तो पाणवठा काय बघणार?" एक हरीण म्हणालं.

"आणि बायकोचं ऐकत नाही तो आमचं ऐकणार?" रानडुकरीण म्हणाली, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

उदाजीराव संथपणे उठले. अत्तराचा वास मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मंडळी," ते म्हणाले, "वामनराव सज्जन आहेत. मी नाही. माझा पाय किती वेळा घसरला ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल."

"सात," मागून कोणीतरी म्हणालं.

"आठ. बुधवारचं तुमच्या कानावर आलं नसेल," उदाजीराव नम्रपणे म्हणाले. "पण एक सांगतो. प्रत्येक वेळी तो माझा मीच घसरला आहे. मी रबराला कधी दोष दिला नाही."

टाळ्यांनी वडाची पाखरं उडाली.

मतदान झालं. वामनरावांना दोन मतं पडली. एक त्यांचं स्वतःचं. दुसरं साळिंदराचं, तसं ते बाजूला बसलेल्या सगळ्यांना टोचून सांगत होतं.

परत येताना वामनराव गाडी ढकलत होते. चाकांत हवा नव्हती. कुमुदिनीबाई शेजारून चालत होत्या.

अर्ध्या वाटेत वामनरावांनी विचारलं, "तुझं मत?"

"गुप्त असतं ते," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

उदाजीराव अध्यक्ष झाले. वेळापत्रक त्यांनी आदराने स्वीकारलं आणि समितीच्या दप्तरात ठेवलं. गवे पूर्वीसारखेच आधी उतरतात. ससे आणि उंदीर शेवटी जातात, चिखल पितात आणि पिता पिता उदाजीरावांच्या नवव्या घसरण्याची हकिकत रंगवून सांगतात. चिखल त्यांना पूर्वीपेक्षा गोड लागतो, असं ऐकतो.

रविवारी सकाळी वामनरावांनी कोनाड्यातली मागची दोन रबरं काढली. कोणी सांगितलं नव्हतं. गरम पाणी घेतलं, साबणाचं बोट फिरवलं, न ओढता, दाबत, वळवत दोन्ही चढवली. सोमवारी साळिंदराने आणलेल्या पंपाने हवा भरली आणि कुमुदिनीबाई मागे बसल्या. त्यांनी रबरावर पाय ठेवला, टाच दाबून पाहिली आणि पदर सावरला.

"चला," त्या म्हणाल्या.

गाडी लांडोरबाईंच्या वळणावर आली. दारात ताजा सडा होता. वामनरावांनी ब्रेक दाबला. गाडी वळली, सरळ झाली आणि निघून गेली.

समोरच्या दगडावर टिटवी बसली होती. तिने मान वळवून पाहिलं, थोडी वाट पाहिली आणि किडे शोधायला लागली.

तात्पर्य : मुलांनो, पाय घसरला तर घसरला म्हणावं, आणि जमल्यास थोडं लाजावं, लोक समजून घेतात. झिजलेलं रबर मात्र कधी कोणाला दाखवू नये. आणि घरातून सांगितलेलं काम अकराव्या वर्षी करू नये. दहाव्या वर्षीच उरकावं, म्हणजे निवडणुकीच्या आड येत नाही.